वाचक क्रमांक दोनशे बारा

४ फेब्रुवारी

ताई,

चौथ्या मताशी आले आणि हातातलं पेन भिंतीवर फेकलं. समोर दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं पसरली आहेत, ती न्यायला छापखान्याचा माणूस खाली येऊन थांबला आहे. थांबू दे. आधी तुला उत्तर.

तुझ्या वाचनालयाची पद्धत मला माहीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक पट्टी चिकटवलेली, वाचून झालं की तिच्यावर मत लिहायचं, नाव घालायचं नाही, फक्त सभासद क्रमांक. सहा महिन्यांनी तू सगळी मतं स्वतःच्या अक्षरात उतरवतेस आणि लेखकाला पाठवतेस. मला वाटलं, वाचू तरी लोक काय म्हणतात.

क्रमांक सत्तेचाळीस म्हणतो: 'पुस्तक चांगले आहे पण राजपुत्र नाही. राजपुत्र नाही तर लग्न कसे होणार?' हे पोर असावं. पोराचं मला मान्य आहे.

क्रमांक अठ्ठ्याऐंशी: 'चांगल्या गोष्टीचं मातेरं केलं.' हेही ठीक. अशी माणसं सगळीकडे असतात.

क्रमांक एकशे तीस: 'आमच्या मुलीला सावत्र आई आहे. ती मी. आभारी आहे.' हे वाचून मी दोन मिनिटं खिडकीशी उभी राहिले.

आणि मग क्रमांक दोनशे बारा. तुझ्यासमोर तुझंच अक्षर पुन्हा ठेवते:

'सावत्र आई धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवली आहे. एक सुरकुती नाही. अशी बाई असती तर तिला कुणी घराबाहेर काढलं नसतं. पोरीवर ती खेकसत असेल, विंचरताना केस ओढत असेल, उद्या कापूनच टाकते म्हणत असेल. ते सगळं कुठं गेलं? आणि पोरीला खोटारडी केलं आहे. नऊ वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसानं दरडावून विचारलं तर ती मान हलवणारच. बाईंनी आधी पोरीची बाजू ऐकायची, मग पुस्तक लिहायचं. जुनी गोष्ट बरी होती. तिच्यात निदान सगळे आपापल्या जागी वाईट होते.'

धुऊन. इस्त्री करून. माझी आई लाँड्रीच्या मागच्या खोलीत बत्तीस वर्षं उभी होती, हे तुझ्या गावात तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? तिच्या कामावरून टोमणा मारायला तुला दुसऱ्याचा क्रमांक लागला?

'केसांचा सदरा' ही गोष्ट कुणाला पाठ नाही? सावत्र आई झोपलेल्या पोरीचे केस कापते, त्यांच्या धाग्यानं राजपुत्राचा सदरा शिवते, आणि तो आपल्या मुलीनं शिवला म्हणून सांगते. सदरा अंगात घातला की केस रडतात, खरं बाहेर येतं, आणि सावत्र आईला अनवाणी डोंगरापार हाकलतात. पोरं टाळ्या वाजवतात. आपल्या घरीही तेच झालं. तुझे केस कापलेले दिसले, शाळेतल्या बाईंनी विचारलं 'कुणी?', आणि अख्ख्या गल्लीला उत्तर आधीच पाठ होतं. माझ्या आईला घराबाहेर काढलं. कडेवर मी, तीन वर्षांची.

मी लिहिलं ते एवढंच, की त्या पोरीनं स्वतःचे केस स्वतः कापले होते. तुला ते झोंबलं तर स्वतःच्या नावानं लिही.

धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. छापखान्याच्या माणसाला ताटकळत ठेवायला नको होतं.

सव्वीस वर्षं मी या टेबलाशी बसते. सव्वीस वर्षांत एकाही पट्टीवर मी स्वतःचं एक अक्षर लिहिलेलं नाही. मी उतरवते. शुद्धलेखन सुधारते, बाकी काना-मात्रा बदलत नाही. क्रमांक दोनशे बारा ही व्यक्ती आहे, तिनं ते स्वतः लिहिलं आहे, पट्टी पुस्तकाला चिकटलेली आहे, कुणीही येऊन बघावी. क्रमांकामागचं नाव मात्र सांगायचं नाही असा नियम आहे. तो मी केलेला नाही आणि मोडणारही नाही.

आता माझं.

तुझं पुस्तक आलं त्या दिवशी मीच त्याला खळ लावून पट्टी चिकटवली. वाळेपर्यंत वाचावं म्हणून उघडलं. पान चौतीसवर एक पोर शाळेच्या व्हरांड्यात उभी आहे. बाई विचारतात, 'आईनं कापले?' आणि ती बोलत नाही, फक्त मान हलवते. ती मान माझी आहे. बाईंच्या हातातली खडूची पेटीसुद्धा तशीच आहे.

हे तुला कुणी सांगितलं? वडील गेले त्या आठवड्यात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, मी सांगितलं. बत्तीस वर्षांत मी ते उच्चारलं नव्हतं. तू माझ्या हातावर हात ठेवलास. मला वाटलं बहिणीला सांगते आहे. लेखिकेला सांगते आहे हे कळलं असतं तर तोंड शिवून घेतलं असतं.

तू लिहिलंस ते खरं आहे. पण ते तुझं नव्हतं.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

वा. चोराच्या उलट्या बोंबा.

'ते तुझं नव्हतं.' मग कुणाचं होतं? तू एकदा मान हलवलीस आणि मला सतरा वर्षं एका खोलीत काढावी लागली. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं, दिवसभर जमीन थरथरायची. मी अभ्यासाला बसले की पाटीवरची पेन्सिल आपोआप घरंगळायची. माई सकाळी सातला उभी राहायची ती दिव्याच्या वेळेला बसायची. शाळेच्या अर्जावर वडिलांचं नाव लिहायचं की नाही, याच्यावर आमचं दरवर्षी जूनमध्ये भांडण व्हायचं. आणि तू तुझ्या वडिलांच्या घरात, तुझ्या खिडकीत, वाढलेल्या केसांना तेल लावत होतीस. ते माझं नाही?

माईनं उद्या कापूनच टाकते असं कधीच म्हटलं नसेल. ती केस ओढणारी बाई नाही. मला एकदाही चापट मारली नाही तिनं. हा तपशील दोनशे बाराला कुठून सुचला, तेवढं सांग. नियमात बसत असेल तर.

मी गप्प बसणार नाही हे तुला माहीत असेलच. साप्ताहिकाच्या वाचक-पानासाठी उत्तर लिहून दिलं आहे. जे आहे ते लिहिलं आहे.

धाकटी


२ मार्च

धाकटे,

साप्ताहिक शुक्रवारी आलं. आमच्याकडे त्याचे दोन अंक येतात, एक टेबलावर, एक फायलीला. दोन्ही मीच उलगडले.

'या वाचनालयात एक वाचक क्रमांक दोनशे बारा आहे. हा क्रमांक म्हणजे खुद्द ग्रंथपालबाई, असं मानायला मला जागा आहे. माझ्या गोष्टीतली मान हलवणारी मुलगी मोठी झाली, आणि आता शनिवारी दुपारी तुमच्या मुलांना गोष्टी सांगते.'

गावाचं नाव घातलं नाहीस. उपकार झाले. एकाच गावात अशा पट्ट्या चिकटवतात.

तेव्हापासून काय झालं ते ऐक. शनिवारच्या गोष्टींना सव्वीस मुलं येत होती. परवा चार आली. त्यांतली दोन औषधांच्या दुकानवाल्याची जुळी, त्यांच्या घरी कुणी काही वाचत नाही म्हणून आली. शिंपीणबाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुमच्याबद्दल आलंय म्हणे. मी वाचलं नाही हं." आणि वाचलेलं पुस्तक परत न करता निघून गेली. वाचनालयाच्या अध्यक्षांनी लेखी खुलासा मागवला आहे. दोन प्रश्न. दोनशे बारा क्रमांक कुणाचा? आणि लहानपणी मी तसं वागले होते का?

पहिल्याला मी उत्तर दिलं: नियमानुसार सांगता येत नाही. दुसऱ्याला उत्तर दिलं: होय.

समिती दहा तारखेला बसते. शनिवारच्या गोष्टी बंद करायच्या की मलाच बंद करायचं, हे ठरेल. मला दुसरं काही येत नाही, हे तुला सांगायची गरज नाही.

पुन्हा सांगते, दोनशे बारा मी नाही. तू छापलंस ते खोटं आहे. नऊ वर्षांची असताना मी मान हलवली. तू शेहेचाळीस वर्षांची आहेस आणि तुला कुणी दरडावलं नव्हतं.

ताई


६ मार्च

ताई,

शेवटचं वाक्य चांगलं आहे. लेखिका तू व्हायला हवं होतंस.

'नियमानुसार सांगता येत नाही.' किती सोयीचा नियम. गल्लीनं माईला विचारलं होतं, कात्री कुठं आहे दाखव. तिनं दाखवली. घरात कात्री आहे, हाच पुरावा धरला. तिला कुठल्याच नियमानं वाचवलं नाही.

तू 'होय' लिहिलंस म्हणतेस. हे माई घरातून निघाली त्या दुपारी लिहायचं होतं. तेव्हा तू दाराआड उभी होतीस, माईनं मला सांगितलं आहे. मी तिच्या जागी असते तर त्या गावाकडे तोंड केलं नसतं. आणि ती! वडील गेल्याचं कळलं तशी तिनं लाँड्री सोडली, बोचकं बांधलं आणि त्याच गल्लीत, त्याच लोकांमध्ये, एकटी जाऊन राहिली. म्हणाली, माझं गाव आहे. हट्टी बाई. मी समजू शकते. ज्यांनी हाकललं त्यांच्या डोळ्यांसमोर रोज वावरायचं. मी तिला पुस्तक पाठवलं तर तिचं एका शब्दाचं उत्तर: 'पोचलं.' मी त्या शब्दाकडे किती वेळ बघत होते. तिच्यासाठी कुणी काही लिहिलं असेल तर ते जन्मात पहिल्यांदा. बोलायला शब्द सापडला नसेल.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली आहे. चार पानं. आता गोष्टीच्या आडून नाही. गाव, गल्ली, वर्ष, तुझं नातं, वाचनालय, सगळं. छापखान्यात गेली आहे. महिनाअखेर पुस्तक बाजारात येईल. तुझ्या समितीनं काय ठरवायचं ते ठरवावं.

माझ्या आईची बाजू कुणीतरी एकदा पूर्ण मांडली पाहिजे.

धाकटी


११ मार्च

बये,

मला पत्र लिहिता येत नाही. मी कपड्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या जन्मभर. सदरा दोन, चादर एक. तरी लिहिते.

दोनशे बारा मी.

तू पाठवलेल्या पुस्तकाच्या मागं मत लिहायचा कागद नव्हता. वाचनालयाच्या पुस्तकाला होता. म्हणून ते नेलं आणि त्याच्यावर लिहिलं. ताईला म्हटलं, कुणाचं आहे ते कळवू नकोस, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, माई, तसंही नियमात बसत नाही. मग ते साप्ताहिक आलं. मी म्हटलं, सांगून टाक. ती म्हणाली, तुम्ही सभासद आहात, सभासदाचं नाव मी सांगणार नाही. दगड आहे नुसती. कुणावर गेली आहे देव जाणे. माझ्यावर तर जाऊ शकत नाही.

काल मी समितीत गेले. न बोलावता. अध्यक्ष म्हणाले, आजी बसा. मी म्हटलं, मी जन्मभर उभी आहे, मला काही होत नाही, तुम्ही बसा. ते बसलेलेच होते. डॉक्टरीणबाई हसल्या. मी सांगितलं, दोनशे बारा मी, हे बघा कार्ड. ज्या बाईला घराबाहेर काढलं तीही मीच. मग अध्यक्ष म्हणाले, म्हणजे तुम्ही यांच्या विरुद्ध बोलायला आलात. मी म्हटलं, तुम्ही वकिली केलीत ना इतकी वर्षं, मग आधी ऐकून घ्यायला शिकला नाहीत का. मग ऐकलं त्यांनी.

त्यांना सांगितलं तेच तुला सांगते.

पोरीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. केस कमरेपर्यंत. तिच्या आईनं वाढवलेले, म्हणून तिचे वडील कापू द्यायचे नाहीत. रोज संध्याकाळी मी ते विंचरायचे आणि ती रडायची. मी ओढायचे. हळू ओढता आलं असतं. मी एकतीस वर्षांची होते, मला तू झालेली होतीस, आणि त्या घरात माझं काही म्हणजे काही नव्हतं, ती चूलसुद्धा पहिलीची होती. आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, उद्या कापूनच टाकते. एकदा नाही, तीनदा म्हटलं. कात्री आणून तिच्यासमोर ठेवली. सकाळी मी पाणी भरायला गेले तर तिनं स्वतःच कापले. मी कापण्याआधी. तू मला सांग, मग कुणी कापले?

तू लिहिलंस की तुझी आई शांत होती. तुझ्याशी शांत होते. तिच्याशी नव्हते. तू मला ओळखतेस ती घरातून काढल्यानंतरची. आधीची तू पाहिली नाहीस.

मला ज्यांनी काढलं ती मोठी माणसं होती. तुझे वडील, शाळेच्या बाई, गल्ली. एकानंही मला विचारलं नाही. तुझ्या पुस्तकात ते सगळे बिचारे आहेत, फसलेले, आणि वाईट एकटी पोर. हे कुठलं गं न्यायाचं? जुन्या गोष्टीत बाईला हाकलायची, नव्या गोष्टीत पोरीला. हाकलल्याशिवाय गोष्ट संपतच नाही का तुमची?

तू माझी बाजू घेतलीस म्हणे. मला विचारलंस कधी माझी बाजू काय आहे? शेहेचाळीस वर्षांत एकदा? त्यांनी विचारलं नाही आणि तूही नाही.

प्रस्तावनेचं ताईकडून कळलं. ते छापू नकोस.

माई

ताई माझ्याकडे दर गुरुवारी येते. अकरा वर्षं झाली. हे तुला सांगायचं राहिलं.


१५ मार्च

ताई,

अकरा वर्षं.

मी पत्र तीनदा वाचलं, आणि प्रत्येक वेळी त्या तळाच्या ओळीशी थांबले. 'सांगायचं राहिलं.' छत्री न्यायची राहते, ताई. दूध घ्यायचं राहतं.

दरवर्षी मी दोनदा माईकडे येऊन राहते. तुम्ही मला कपाटातला तुझा कप दाखवला नाहीत. मी विचारायचे, माई, एकटीला करमतं का? ती म्हणायची, जातो दिवस. मी तिच्या एकटेपणावर पुस्तक लिहिलं आणि ती एकटी नव्हती! तुम्ही दोघींनी मला मूर्ख बनवलं. मी तिकडे मोठ्यानं तिची बाजू मांडते आहे आणि इकडे दर गुरुवारी तुम्ही चहा पिताय. हसलात का गं माझ्यावर? खरं सांग.

दोनशे बारा तू नव्हतीस. ते मी चुकीचं छापलं. साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली आहे, सोबत तिची प्रत आहे. एका शब्दानं स्वतःला सोडलेलं नाही, वाचून बघ.

पण प्रस्तावनेचं मला कुणी सांगू नये. माईनंसुद्धा. तिनं तुला माफ केलं असेल, तो तिचा अधिकार. माझ्या वाट्याची सतरा वर्षं तिनं तुला परस्पर देऊन टाकली. ती तिची नव्हती.

धाकटी


१९ मार्च

धाकटे,

हसलो नाही. तुझं पुस्तक आलं त्या गुरुवारी माईनं इस्त्री विस्तवावरून खाली ठेवली आणि पूर्ण दुपार ते वाचलं. एक सदरा जळता जळता राहिला. वाचून झाल्यावर म्हणाली, "पोरगी लिहिते चांगलं. पण हे कुणाबद्दल आहे?"

तुला का सांगितलं नाही ते मी तिला विचारलं होतं, पहिल्याच वर्षी. ती म्हणाली, "धाकटी माझ्यासाठी रागावलेली असते. लहान होती तेव्हापासून. तेवढं एकच तिला माझ्यासाठी करता आलं. ते काढून घेतलं तर ती माझ्याकडे आल्यावर काय करेल?" मला ते पटलं नाही, पण मी गप्प बसले. दाराआड उभं राहायची मला सवय आहे, तू लिहिलंसच.

वडील गेल्यावर माई गल्लीत राहायला आली. चौथ्या दिवशी मी तिच्या दाराशी गेले. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. ती म्हणाली, "आलीस? चादरीचं टोक धर." मी टोक धरलं. मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही. तिनं लोकांच्या धुवायला घेतलेल्या एकवीस चादरींच्या घड्या आम्ही घातल्या. त्यानंतर मी बोलले. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मला माहीत आहे ना. मी तर नव्हते कापले." एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. मीही विचारत नाही. तेव्हा तिनं तुझी सतरा वर्षं मला दिली असं समजू नकोस. ती तुझ्याकडेच आहेत. तू म्हणशील तेव्हा त्यांच्याबद्दल मी तुझ्यासमोर बसेन. पुस्तकासमोर बसणार नाही.

समितीचा निर्णय आला. शनिवारच्या गोष्टी चालू ठेवायच्या. मलाही ठेवायचं. पण गोंधळाचं मूळ त्या पट्ट्या असल्यामुळे यापुढे मत लिहिणाऱ्यानं क्रमांकाऐवजी संपूर्ण नाव लिहावं, असा ठराव. मी विरोध नोंदवला. अध्यक्ष म्हणाले, "ज्याला खरं बोलायचं आहे तो नावानं बोलेल." यांनी आयुष्यात कधी सावत्र आईबद्दल, नवऱ्याबद्दल, मालकाबद्दल काही खरं बोलून पाहिलेलं नाही. ठराव लागू झाल्यापासून बासष्ट पुस्तकं परत आली. एकाही पट्टीवर एक ओळ नाही. एकशे तीस क्रमांकाच्या बाई आल्या होत्या, पट्टीकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पेन परत ठेवलं. मला एवढा संताप आला की पावती फाडताना दुसऱ्या पावतीसकट फाडली.

हे तुझ्यामुळे झालं. हे मला तुला लिहून कळवायचं होतं.

तुझी दुरुस्ती वाचली. चांगली आहे. ती लोक वाचणार नाहीत. पहिलं वाचलं, तेच राहील.

प्रस्तावनेबद्दल मी काही मागत नाही. तुझ्या पत्रावरून माईनं काल विचारलं, "छापणारच म्हणते का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग मी पुन्हा समितीत जाईन. या खेपेला कार्ड न घेता." तिला वाटतं पुस्तकांचीही कुठंतरी समिती असते.

ताई


२३ मार्च

ताई,

एकशे तीसचं वाचलं. त्याची जबाबदारी घेते. तुझ्या अध्यक्षांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, ते तुझ्या बाजूचं आहे. त्यात विशेषणं कमी आहेत, हे तुझ्या समाधानासाठी.

प्रकाशकांकडे गेले होते. म्हटलं, प्रस्तावना काढा. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच तर त्या प्रस्तावनेसाठी माझ्याशी भांडलात." मी म्हटलं, आता ती काढण्यासाठी भांडते. ते म्हणाले, पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, छापून, शिवून झाला. प्रस्तावना त्याच्यातच आहे. काढायची तर तुम्ही बांधणी खात्यात जाऊन बघा, माझी माणसं मी त्याच्यावर बसवणार नाही.

कुणी मला समजावलं म्हणून काढत नाहीये. मला अजून वाटतं तुझ्या बाजूनं चादरीचं टोक धरणं फार सोपं होतं. मला अजून तुमच्या दोघींचा राग आहे, आणि तो राग माईसाठी नसून माझ्यासाठी आहे, हे या वयात कळतंय. पण ती चार पानं मी माझ्या आईच्या वतीनं लिहिली होती, आणि आईनं नाही म्हटलं. मग ती कुणाच्या वतीनं छापायची?

गोष्ट मात्र बदलणार नाही. पान चौतीस आहे तसंच राहील. ते पुस्तक माझं आहे. माईला पटत नसेल तर तिनं पट्टीवर पुन्हा लिहावं, आता नावासकट.

पुढच्या महिन्यात मी येईन. गुरुवारी येईन. तुझ्यासमोर बसायचं आहे, तू म्हणालीस तसं. माईला आधी सांगून ठेव, मला तुमच्यासारखं काही लपवता येत नाही.

धाकटी

२४ मार्च, सकाळ. काल पाकीट टाकायचं राहिलं म्हणून खाली लिहिते. साडेआठला बांधणी खात्यात गेले. अकराशे प्रती शिवून भिंतीशी रचलेल्या होत्या. मुकादमानं दाखवलं: पान मुळापासून कापलं तर त्याच्या जोडीचं पान सुटतं, म्हणून शिलाईपाशी बोटभर कागद ठेवून कापायचं. त्यानं मला लोखंडी मोजपट्टी आणि पातं दिलं. बांधणीतल्या दोघीजणी न सांगता शेजारी येऊन बसल्या. अकरा वाजेपर्यंत दोनशे सत्तर झाल्या आहेत. बाकीच्या संध्याकाळपर्यंत होतील असं मुकादम म्हणतो.